नफ्याची जमीन, तोट्याचा अरीना

अमेरिकेतल्या ओहायो राज्याची राजधानी कोलंबस. हिवाळ्यात संध्याकाळी बर्फावरच्या हॉकीचा सामना असला की शहराच्या मध्यभागातल्या नेशनवाइड बुलेव्हार्डवर गर्दी उसळते. निळ्या जर्सी घातलेले आईबाप, त्यांच्या खांद्यावरची पोरं, पार्किंगच्या इमारतींतून खाली उतरणारे लोंढे, लाल विटांच्या इमारतींखालची भरलेली हॉटेलं. तिथल्या नेशनवाइड अरीना या क्रीडागृहात ‘ब्लू जॅकेट्स’ या शहराच्या संघाने गोल केला की आत ठेवलेली तोफ धडाडते आणि अठरा हजार माणसं एका सुरात ओरडतात. मुख्य इमारतीला लागूनच सरावाची बर्फाची रिंक आहे. तिथे एरवीही सकाळपासून स्वतःच्या उंचीएवढ्या किटबॅगा ओढत आलेली शाळकरी मुलं दिसतात.

तीस वर्षांपूर्वी इथे माणूस फिरकत नव्हता. १८३४ पासूनचा ओहायोचा जुना तुरुंग इथे उभा होता. १९३० सालच्या एप्रिलमध्ये त्याला आग लागली आणि कोठड्यांत अडकलेले तीनशेहून जास्त कैदी मेले. १९८४ मध्ये तुरुंग बंद पडला, मग नुसत्या भिंती उरल्या. शेजारच्या भव्य रेल्वे स्थानकाची दर्शनी इमारत १९७६ मध्येच पाडली गेली होती. त्याची एकच कमान वाचवता आली, ती आज या भागातल्या बागेत उभी आहे. आजूबाजूला पार्किंगसाठी मोकळ्या सोडलेल्या जागा आणि रिकामी गोदामं. ऑफिसं सुटली की शहराचा मध्यभाग ओस पडायचा.

हे बदललं एका खासगी कंपनीच्या पैशाने. त्याबद्दल कोलंबसकर नेशनवाइड विमा कंपनीचे आभार मानतात, आणि ते मानायलाच हवेत. पण त्याच आभाराच्या भरात शहराने जी चूक केली, तिच्याबद्दल मला लिहायचं आहे. कारण ती चूक कुठल्याही शहरात होऊ शकते, आणि प्रत्येक ठिकाणी ती ‘लोकांच्या भल्यासाठी’ म्हणूनच होते.

आधी घडलं काय ते नीट पाहू. कोलंबसच्या मतदारांसमोर मोठं क्रीडागृह बांधण्याचा प्रस्ताव १९७८ पासून वारंवार आला आणि त्यांनी तो दर वेळी फेटाळला. शेवटचा प्रयत्न मे १९९७ मधला. विक्रीकरात तीन वर्षांसाठी अर्ध्या टक्क्याची वाढ करायची आणि त्या पैशातून हॉकीचं क्रीडागृह व फुटबॉलचं मैदान बांधायचं, असा तो प्रस्ताव होता. राष्ट्रीय हॉकी लीग नव्या संघांसाठी शहरं शोधत होती, वेळ थोडा होता, प्रचार जोरात झाला. तरी मतदारांनी ‘नाही’ म्हटलं. खेळ हवा, पण त्यासाठी आमच्या खिशातला कर नको, इतका सरळ तो कौल होता.

त्यानंतर काही आठवड्यांतच नेशनवाइड विमा कंपनी पुढे आली. क्रीडागृह आम्ही आमच्या पैशाने बांधू, असं तिने जाहीर केलं. संघ घेऊ पाहणाऱ्या गुंतवणूकदाराला भाडेकराराच्या अटी पटल्या नाहीत आणि तो अडून बसला. तेव्हा कोलंबसचेच पोलाद उद्योजक जॉन मॅककॉनेल यांनी त्या अटी मान्य करून संघाची जबाबदारी घेतली. सप्टेंबर २००० मध्ये नेशनवाइड अरीना उघडला. त्यातला नव्वद टक्के हिस्सा नेशनवाइडचा आणि दहा टक्के डिस्पॅच कंपनीचा, म्हणजे शहरातल्या प्रमुख दैनिकाच्या मालकांचा. या शेवटच्या गोष्टीकडे आपण पुन्हा येऊ.

‘खासगी पैसा’ म्हणताना थोडं सावध राहायला हवं. रस्ते आणि जमिनीखालच्या वाहिन्या यांसारखी कामं शहराने आपल्या खर्चाने केली, तुरुंगाची जागाही शहरामार्फतच या प्रकल्पात आली. तरीही इमारतीचा मुख्य खर्च कंपनीने उचलला आणि नवा विक्रीकर बसला नाही, हे खरं आहे. त्या काळात अमेरिकेतली शहरं संघमालकांच्या धमक्यांना घाबरून लोकांच्या कराच्या पैशातून एकामागून एक स्टेडियमं बांधत होती. त्या पार्श्वभूमीवर कोलंबसचं उदाहरण उठून दिसलं आणि देशभर वाखाणलं गेलं.

ते वाखाणण्यासारखंच होतं. खासगी भांडवल म्हटलं की नाक मुरडणारे माझे काही मित्र याचंही कौतुक करत नाहीत, आणि त्यांचं मला पटत नाही. तुरुंगाची जागा अजून वीस वर्षं तशीच पडून राहिली असती तर कुणाचं भलं झालं असतं? याच शहरात मध्यभाग जगवण्यासाठी १९८९ मध्ये मोठा मॉल बांधला होता. तो वीस वर्षांत मेला, २००९ मध्ये बंद झाला आणि पाडावा लागला. मॉल मेला, अरीना तगला. असं का झालं, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर हॉकीत सापडत नाही.

नुसत्या क्रीडागृहाने शहर श्रीमंत होत नाही, यावर अमेरिकेतले क्रीडा-अर्थतज्ज्ञ कितीतरी वर्षं जवळजवळ एकमताने बोलत आले आहेत. हॉकीच्या तिकिटावर खर्च झालेले पैसे त्या कुटुंबाने एरवी उपनगरातल्या सिनेमावर किंवा जेवणावर खर्च केले असतेच. पैसा शहरातल्या शहरात जागा बदलतो, इतकंच. कोलंबसमध्ये फरक पडला तो यामुळे की क्रीडागृह बांधणाऱ्याकडेच आजूबाजूच्या जमिनी होत्या. नेशनवाइडचं चाळीस मजली मुख्यालय तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आपल्या दारासमोरचा परिसर सुधारावा, हजारो कर्मचाऱ्यांना तिथे यावंसं वाटावं, ही कंपनीची स्वतःचीच गरज होती. तिच्या बांधकाम शाखेने पंचाहत्तर एकरांचा सलग आराखडा केला. ऑफिसं, घरं, हॉटेलं, बाग, नदीकडे जाणारी वाट, सगळ्या इमारतींना एकसारखी लाल वीट. सामन्याच्या रात्री गर्दी आणायचं काम क्रीडागृहाने केलं. सामना नसतानाही तिथे राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या माणसांनी तो भाग जिवंत ठेवला. नुसतं स्टेडियम बांधून चहूबाजूंनी पार्किंग ठेवलं असतं तर वर्षातल्या बहुतेक रात्री तिथे अंधारच असता. हे श्रेय कंपनीच्या दूरदृष्टीचं आहे.

पण यातूनच पुढची गोष्ट निघते. क्रीडागृह म्हणजे या सगळ्या मांडणीतला गळ होता, गर्दी ओढणारा. कमाई व्हायची ती भोवतालच्या जमिनीतून. भाडी, घरांची विक्री, वाढलेल्या किमती हे सगळं कंपनीच्या वहीत जमा होणार होतं. त्यामुळे क्रीडागृह एकटं धरलं तर ते तोट्यात गेलं तरी मूळ हिशेब बुडत नव्हता. हे समजून घेतलं की २०११ साली जे झालं त्याचा अर्थ लागतो.

तोपर्यंत संघाची कामगिरी कच्चीच होती. पहिल्यांदा बाद फेरीत पोहोचायला २००९ उजाडलं. मॅककॉनेल त्याआधीच, २००८ मध्ये वारले होते. वर्षाला एक कोटी डॉलरहून जास्त तोटा होतोय, असं संघाने सांगायला सुरुवात केली. दोष मुख्यतः भाडेकराराचा, असं त्यांचं म्हणणं होतं. पार्किंग आणि नावाच्या हक्काचं उत्पन्न यांसारखे जे पैसे इतर शहरांत संघाला मिळतात, ते इथे मिळत नव्हते. म्हणणं बरोबरच होतं. पण तो करार कुणी केला होता? एका खासगी कंपनीने आणि एका खासगी मालकाने. आधीच्या गुंतवणूकदाराने त्याच अटी पाहून माघार घेतली होती. म्हणजे तो तोटा पहिल्या दिवसापासून कागदावर लिहिलेला होता, आणि दोघा मातब्बर पक्षांनी डोळे उघडे ठेवून त्यावर सह्या केल्या होत्या.

दोघा खासगी पक्षांनी आपसांतला करार आपसांत दुरुस्त करायचा, हा साधा मार्ग होता. त्याऐवजी २०११ च्या शरद ऋतूत सिटी कौन्सिल आणि फ्रँकलिन काउंटी, म्हणजे इथलं जिल्हा प्रशासन, यांनी ठराव केले आणि पुढच्या वर्षी एका सार्वजनिक प्राधिकरणाने ४ कोटी २५ लाख डॉलरला क्रीडागृह विकत घेतलं. पैसे कुठून आणायचे? ओहायोत नुकतेच मंजूर झालेले कॅसिनो सुरू होणार होते, त्यांच्यावरच्या करातला शहराचा आणि काउंटीचा वाटा याकडे वळवायचा. सुरुवातीला चौथा हिस्सा, पुढे थोडा वाढत जाणारा, आणि हे सगळं २०३९ पर्यंत. बदल्यात संघाने तोपर्यंत शहर न सोडण्याचं वचन दिलं. नेशनवाइडने संघात तीस टक्के हिस्सा घेतला, प्राधिकरणाला कर्जही दिलं आणि नावाच्या हक्कापोटी पैसे भरण्याचं कबूल केलं. कंपनीने काहीच दिलं नाही असं म्हणणं म्हणूनच चुकीचं ठरेल. पण शेवटी चित्र असं झालं की भोवतालची कमावती जमीन खासगी राहिली आणि चालवायला जड जाणारी इमारत लोकांच्या गळ्यात पडली.

मतदान झालं नाही. ज्या प्रश्नावर लोकांनी पुन्हा पुन्हा ‘नाही’ म्हटलं होतं, तोच प्रश्न १९९७ नंतर चौदा वर्षांनी मागच्या दाराने आत आला, आणि त्या वेळी लोकांना कुणी विचारलं नाही. ‘नवा कर नाही, हा तर कॅसिनोचा पैसा’ असं समर्थन केलं गेलं. मला हे समर्थन अजिबात मान्य नाही. कॅसिनोचा कर लोकांसमोर मांडताना तो शाळांना, काउंट्यांना, शहरांना मिळणार आहे, असंच सांगितलं होतं. तो पैसा तिजोरीत आला की सार्वजनिकच असतो, कुठल्या दाराने आला यावरून त्याचा धर्म बदलत नाही. शिवाय कॅसिनोंचं उत्पन्न अंदाजाच्या निम्म्याच्या आसपासच आलं, त्यामुळे क्रीडागृहाचं गणितही लगेच ओढाताणीचं झालं. २०१९ मध्ये शहराने तिकिटांवर पाच टक्के शुल्क लावलं. त्यातला बराचसा पैसा कलासंस्थांना जातो, पण या इमारतीच्या देखभालीलाही त्यातून मदत झाली.

आणखी एक गोष्ट आहे, जी आठवली की मला आजही अस्वस्थ वाटतं. नोव्हेंबर २००९ मध्ये राज्याने कॅसिनोंना परवानगी दिली तेव्हा कोलंबसचा कॅसिनो याच परिसरात, म्हणजे अरीना डिस्ट्रिक्टमध्ये, व्हायचा होता. इथल्या बड्या धुरिणांना तो नको होता. कुटुंबांनी यायचं ठिकाण, तिथे जुगार नको, असा मुद्दा होता. त्यात तथ्यही होतं. मे २०१० मध्ये राज्यभर पुन्हा मतदान घेऊन घटनादुरुस्ती झाली आणि कॅसिनो शहराच्या पश्चिमेला, बंद पडलेल्या एका कारखान्याच्या जागेवर गेला. तो कामगारवस्तीचा, कारखाने गेल्यामुळे खचलेला भाग आहे. जुगार त्या वस्तीच्या दारात गेला आणि त्यातून येणाऱ्या करातला एक वाटा मात्र पुन्हा मध्यभागातल्या क्रीडागृहाकडे आला. जागा बदलायची होती तेव्हा राज्यभराचं मतदान सहा महिन्यांत उभं करता आलं. पैसे वळवायचे होते तेव्हा मात्र मतदानाला वेळ नव्हता.

‘संघ गेला असता तर सगळा परिसर पुन्हा ओस पडला असता, लोक रागाच्या भरात नाही म्हणाले असते, म्हणून पुढाऱ्यांनी जबाबदारीने निर्णय घेतला’ हा युक्तिवाद मी अनेक सुजाण माणसांकडून ऐकला आहे. संघ जाण्याची भीती खोटी नव्हती. पण लोक नेहमी ‘नाही’च म्हणतात, हे म्हणणं कोलंबसच्या बाबतीत खोटं आहे. ऑगस्ट २००९ मध्ये, मंदी ऐन भरात असताना, याच शहराच्या मतदारांनी आपला प्राप्तिकर दोन टक्क्यांवरून अडीच टक्के करायला संमती दिली. पोलीस, अग्निशमन, कचरा, बागा या सेवा कापाव्या लागतील असं महापौरांनी समोर येऊन सांगितलं, आकडे दाखवले, आणि निसटत्या का होईना बहुमताने लोकांनी ते मानलं. समजावून सांगितलं तर लोक आपला खिसा सैल करतात. चार वर्षांनी, २०१३ मध्ये, शाळांसाठीची करवाढ त्याच मतदारांनी मोठ्या फरकाने फेटाळली, कारण शिक्षण खात्यातला हजेरीपटाचा घोटाळा ताजा होता. मला तो निकाल वाईट वाटला. पण शाळांना दर वेळी मतदाराच्या दारात जावं लागतं, त्याचा राग आणि अविश्वास सोसावा लागतो. मग हॉकीच्या इमारतीला ती वाट का चुकवता यावी? शाळेच्या छपरासाठी जो नियम, तो क्रीडागृहाच्या छपराला का नाही?

आता वर्तमानपत्राच्या मालकीबद्दल. शहरात एकच मोठं दैनिक, आणि त्याच्या मालकांचा त्या वेळी क्रीडागृहात दहा टक्के हिस्सा होता. बातमीदारांनी आपलं काम प्रामाणिकपणे केलं नाही, असा आरोप मी करत नाही. हा हिस्सा लपवलेलाही नव्हता. पण सार्वजनिक प्रश्नावर शहराने मत बनवायचं ते ज्या चावडीवर, त्या चावडीच्या मालकालाच व्यवहारात वाटा असेल तर तिथल्या चर्चेवर लोकांचा विश्वास बसणं अवघड जातं. विरोध करणाऱ्यांनी सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या, पण त्यांचा आवाज ‘शहराच्या प्रगतीला खोडा घालणारे’ या शिक्क्याखाली दबला. पुनरुज्जीवनावर प्रेम करणारा आणि करारावर प्रश्न विचारणारा एकच नागरिक असू शकतो, हे त्या वेळी कुणाच्या बोलण्यात नव्हतं.

मुंबईकरांना यातलं बरंच काही ओळखीचं वाटेल. महापालिकेकडे मैदानं सांभाळायला पैसे नाहीत म्हणून ती खासगी संस्थांना सांभाळायला द्यायची, हे धोरण वर्षानुवर्षं चाललं. हेतू वाईट नव्हता, आणि काही संस्थांनी कचऱ्याचे उकिरडे झालेले भूखंड खरोखर हिरवे केले. पण काही ठिकाणी खेळाच्या मैदानांवर क्लब उभे राहिले, दारावर रखवालदार आले, आणि ज्या गल्लीतली पोरं तिथे क्रिकेट खेळायची ती फाटकाबाहेर राहिली. जानेवारी २०१६ मध्ये मोकळ्या जागा दत्तक देण्याचं नवं धोरण महापालिकेच्या सभागृहात मंजूर झालं तेव्हा नागरिकांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली आणि २१६ भूखंड परत घ्यायची प्रक्रिया सुरू झाली. आंदोलन करणाऱ्यांना त्या वेळीही ‘मग मैदानं कोण सांभाळणार?’ असंच विचारलं गेलं. प्रश्न रास्त होता. पण त्याचं उत्तर ‘जो पैसे देईल तो, त्याला हवं तसं’ असं असू शकत नाही. मुंबईत जमीन लोकांची होती आणि ताबा खासगी झाला, कोलंबसमध्ये जमीन खासगी राहिली आणि भार लोकांचा झाला. दोन्हीकडे देणाऱ्याबद्दलच्या भिडेपोटी कागद नीट वाचला गेला नाही.

कोलंबसने पुढे काही शिकलं का? काही अंशी. २०१७ मध्ये फुटबॉल संघ टेक्सासला हलवण्याचा मालकाचा बेत उघड झाला तेव्हा चाहत्यांनी उभारलेली चळवळ थक्क करणारी होती. संघ वाचला, स्थानिक मालक मिळाले, आणि जुलै २०२१ मध्ये अरीना डिस्ट्रिक्टच्या पश्चिम टोकाला नवं मैदान उघडलं. स्टेडियमचा मोठा खर्च मालकांनी केला, पण जमीन आणि पायाभूत सोयी मिळून शहर आणि काउंटीने दहा कोटी डॉलरहून जास्त घातले. या वेळी आधीच्या मैदानाच्या जागी लोकांसाठी क्रीडासंकुल करण्याचं आश्वासन दिलं होतं. मात्र त्याला वर्षानुवर्षं विलंब होत राहिला. मालकांचं मैदान ठरल्या वेळेत उभं राहिलं, लोकांचं मागे पडलं. करारात मालकाच्या कामाला तारीख होती आणि लोकांच्या कामाला तशी पक्की तारीख नव्हती, असं झालं की दुसरं काय होणार?

आता नेशनवाइड अरीनाला पंचवीस वर्षं झाली आहेत आणि मोठ्या नूतनीकरणाची चर्चा सुरू आहे. २०३९ दूर वाटतं, पण अशा कराराच्या वाटाघाटी मुदत संपायच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतात, आणि बहुतेक वेळा बंद खोलीत. मला असं वाटतं की कोलंबसकरांनी आत्ताच काही गोष्टी ठामपणे मागायला हव्यात. सार्वजनिक पैसा लागणार असेल तर मतदान घ्या, मग तो पैसा विक्रीकराचा असो, कॅसिनोचा असो की तिकिटाचा. क्रीडागृहामुळे ज्या जमिनींचं मोल वाढलं, त्या जमिनींच्या मालकांकडून देखभालीचा ठरावीक वाटा घ्या, आणि जमीन विकली गेली तरी ते बंधन तिच्याबरोबर जाईल अशी तरतूद करा. संघ विकला गेला तर वाढलेल्या किमतीत शहराचा हिस्सा असू द्या, कारण तोटा झाला तेव्हा शहर भागीदार होतं. आणि सरावाच्या रिंकवर शहरातल्या सरकारी शाळांच्या मुलांसाठी आठवड्यातले काही तास फुकट राखून ठेवा. हॉकी हा इथे महागडा खेळ आहे. स्केट्स, हेल्मेट, पॅड, बर्फाचं भाडं, सगळं मिळून तो खेळ पैसेवाल्यांच्या मुलांपुरताच उरतो. कॅसिनोच्या शेजारी राहणाऱ्या वस्तीतल्या पोरांचा पैसा या इमारतीत आहे. त्यांना त्या बर्फावर उतरता आलं पाहिजे, आणि ते कुणाच्या मेहेरबानीवर अवलंबून न ठेवता करारात तास, वार आणि तारीख घालून लिहिलेलं असलं पाहिजे.